जंतूचं मूळ गाव

साल्मोनेला या जंतूचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतल्या एकाचं नाव आहे 'पूना'. नवा प्रकार जिथं पहिल्यांदा सापडला त्या गावाचं नाव त्याला द्यायचं, ही जुनी पद्धत. त्यामुळे डब्लिन, न्यूपोर्ट, बरेली यांच्या रांगेत आपलं पुणंही जाऊन बसलं. २०१५ साली अमेरिकेत याच साल्मोनेला पूनाने ४० राज्यांतल्या ९०७ जणांना आजारी पाडलं. सहा जण दगावले. जंतू आला होता मेक्सिकोतून आयात केलेल्या काकडीवरून. पुण्याचा त्या साथीशी काडीचाही संबंध नव्हता.

नावावरून पत्ता लागत नाही, हे माणसांच्या बाबतीत आपल्याला पक्कं ठाऊक असतं. एसटीत शेजारी बसलेल्याने आडनाव सांगितलं तरी आपलं समाधान होत नाही. 'मूळ गाव कुठलं?' हे विचारल्याशिवाय गप्पा पुढे सरकत नाहीत. जंतूच्या बाबतीत मात्र आपली चौकशी नावापाशीच थांबते. 'साल्मोनेला निघाला', 'ई. कोलाय निघाला' एवढं कळलं की कागद फायलीला लागतो. हा साल्मोनेला कुठल्या शेतातून, कुठल्या कारखान्यातून, कुठल्या विहिरीतून आला, शेजारच्या तालुक्यात गेल्या आठवड्यात सापडलेल्या साल्मोनेलाचा हा सख्खा भाऊ आहे की नुसता आडनावबंधू, हे कुणी विचारत नाही. ते विचारायचं शास्त्र तीस वर्षांपूर्वीच तयार झालं आहे. ते आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत रोजच्या कामात यायला हवं आणि त्याची सुरुवात महागड्या यंत्राआधी शौचाच्या नमुन्यापासून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हे मत वाचनातून आलेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात माझी सगळी नोकरी झाली. एका जुलैत तीन आठवड्यांच्या आत चार वेगवेगळ्या तालुक्यांतून चार रुग्णांचे नमुने आले: एक शाळकरी मुलगा, एक बाळंतीण, दोन शेतकरी. चौघांच्याही लाल प्लेटवर मधोमध काळा ठिपका असलेल्या वसाहती उगवल्या. म्हणजे साल्मोनेला. अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवल्या, तर चौघांच्याही प्लेटवर त्याच तीन चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू बिनधास्त वाढलेला आणि बाकीच्या चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळं. नेमक्या त्याच तीन औषधांना न जुमानणारा साल्मोनेला आमच्या भागात मी एरवी पाहिला नव्हता. चौघांची एकमेकांशी ओळख नाही, गावं दूरदूर. हे चौघे काहीतरी एकच खाऊन आजारी पडले असावेत असं मला वाटलं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. वर कळवलं तर उत्तर आलं, "चारच तर आहेत." मी चारही जंतू अगरच्या, म्हणजे जंतूंना जगवणाऱ्या जेलीच्या, तिरक्या नळ्यांत घालून, वर तारखा लिहून फ्रीजमध्ये ठेवले. दोन वर्षांनी विभाग नव्या इमारतीत हलला, तेव्हा जुन्या नळ्यांबरोबर त्याही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, गेल्या.

'चारच तर आहेत' या उत्तराचा मला अजून राग येतो, कारण पुढे एका मोठ्या साथीची हकिगत वाचली. १० नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातल्या, म्हणजे सीडीसीतल्या, माणसांच्या लक्षात आलं की १३ रुग्णांच्या साल्मोनेलाचा जनुकीय ठसा एकसारखा आणि एरवी न दिसणारा आहे. हे १३ रुग्ण १२ राज्यांत विखुरलेले होते. जवळजवळ प्रत्येक राज्यात एकेक! त्यांतल्या कुठल्याही गावच्या डॉक्टरच्या दृष्टीने तिथं साथ नव्हतीच. एकाचं पोट बिघडलं, एवढंच. ठसे एकमेकांशेजारी ठेवले तेव्हाच साथ दिसली. पुढे रुग्णांच्या मुलाखती, संस्थांच्या स्वयंपाकघरांची तपासणी असं करत करत माग मोठ्या डब्यांतून पुरवल्या जाणाऱ्या पीनट बटरपर्यंत आणि तिथून जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली गावातल्या कारखान्यापर्यंत पोचला. साथ संपेपर्यंत ४६ राज्यांत ७१४ रुग्ण नोंदले गेले, नऊ जणांचा मृत्यू झाला. तिथला शेंगदाणा इतक्या पदार्थांत मिसळला गेला होता की हजारो उत्पादनं बाजारातून परत मागवावी लागली. कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत साल्मोनेला आढळूनही माल पाठवला जात होता, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं आणि कंपनीच्या प्रमुखाला २०१५ साली २८ वर्षांची शिक्षा झाली.

शेंगदाणा आपल्या घरात किती वाटांनी येतो ते जरा आठवून पाहा. कूट, चिक्की, लाडू, चटणी, उपासाची खिचडी, आमटी, हॉटेलातली मिसळ. तयार कुटाची पाकिटं आता तालुक्याच्या दुकानातही मिळतात. अशा एखाद्या ठिकाणी भाजल्यानंतरच्या दाण्याला पक्ष्यांची वा उंदरांची घाण लागली, तर रुग्ण निघतील एक सोलापुरात, एक चिपळूणला, एक मडगावात. कुणाच्या डोळ्यांना ती साथ दिसेल?

आपल्याला दिसते ती दुसऱ्या जातीची साथ. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला, सप्ताहातल्या एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. रुग्णालयात जागा पुरेना म्हणून रस्त्यावरच, दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवून, लोकांवर उपचार झाले. ती छायाचित्रं आपण सर्वांनी पाहिली. एक पंगत, एक रात्र, एक गाव. अशी साथ ओळखायला जंतूचा ठसा लागत नाही; शिवाय भगरीतल्या विषबाधेत पुष्कळदा दोष बुरशीच्या विषाचा असतो, तिथं जिवाणूंच्या ठशांचा उपयोगही नाही. पण म्हणूनच 'विषबाधा' म्हटलं की आपल्या मनात फक्त पंगत उभी राहते: लग्न, वसतिगृह, शाळेतली खिचडी. एकेका पाकिटातून जिल्हाभर सांडलेली विषबाधा आपल्या शब्दातच बसत नाही.

ठसा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९९३ च्या सुरुवातीला एका साखळी हॉटेलातल्या कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ची साथ पसरली. सातशेहून अधिक रुग्ण, चार मुलं दगावली. रुग्णांतला जंतू आणि मांसातला जंतू एकच आहे हे तेव्हा दाखवलं गेलं ते असं: जंतू जेलीच्या छोट्या ठोकळ्यात अडकवायचे, तिथंच फोडायचे, त्यांचा डीएनए एका ठरावीक विकराने ठरावीक जागी कापायचा आणि दिशा बदलत राहणाऱ्या विजेच्या ओढीने ते तुकडे जेलीतून पळवायचे. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. दुकानातल्या वस्तूवर बारकोड असतो तशी पट्ट्यांची ओळ उमटते. त्याच अनुभवातून १९९६ साली 'पल्सनेट' हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. ते उभं करण्यात बाला स्वामिनाथन या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. त्यांनी आग्रह धरला तो एकाच गोष्टीचा, सगळ्यांनी एकाच पद्धतीने ठसा काढायचा. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळली नाही तर बाजारात धान्य मोजून काय उपयोग? तंत्रापेक्षा ही शिस्त मला मोठी वाटते.

आता पट्टे जाऊन पूर्ण जीनोम आला आहे. साल्मोनेलाचा जनुकीय मजकूर सुमारे ४८ लाख अक्षरांचा असतो. दोन रुग्णांतल्या जंतूंत त्यातली चार-पाच अक्षरं वेगळी असतील तर ते एकाच घरचे असण्याची शक्यता दाट. शेकडो वेगळी असतील तर नुसते आडनावबंधू. अमेरिकेत २०१३ पासून लिस्टेरिया या अन्नातून पसरणाऱ्या जंतूसाठी आणि २०१९ पासून पल्सनेटमध्ये सरसकट हीच पद्धत आहे. ती इतकी बारीक आहे की २०१५ साली आइस्क्रीममधून पसरलेल्या लिस्टेरियाचा छडा लागला तेव्हा पाच वर्षांपूर्वीचे रुग्णही त्याच मालिकेतले निघाले. त्यांचे जंतू कुणीतरी जपून ठेवले होते म्हणून.

आता यंत्राच्या मर्यादेबद्दल, कारण यंत्राची भक्ती मला मान्य नाही. २०११ च्या मे-जूनमध्ये जर्मनीत ई. कोलाय ओ१०४ची भयंकर साथ आली. जवळपास ३,८०० रुग्ण, आठशेहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांवर घाला, पन्नासहून अधिक मृत्यू. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकडीकडे बोट दाखवलं आणि युरोपभर काकडी, टोमॅटो, सॅलडची पानं कचऱ्यात गेली. त्या काकडीवर घातक ई. कोलाय सापडला होता, हे खरं. पण ओळख पटवल्यावर तो रुग्णांतला जंतू नव्हताच, दुसराच होता. नावावर थांबलं की निरपराध कसा अडकतो याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. युरोपीय संघाला भाजी पिकवणाऱ्यांना वीस कोटी युरोंहून अधिक भरपाई द्यावी लागली.

जंतूचा जीनोम जूनच्या पहिल्याच आठवड्यात जगापुढे खुला झाला होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी रात्रंदिवस बसून तो वाचला. विषारी का, ते कळलं. आला कुठून, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. ते सापडलं ल्यूबेकच्या एका हॉटेलात, आचाऱ्याच्या पाककृतींत. रुग्णांना विचारलं तर त्यांना टोमॅटो आठवे, काकडी आठवे; सॅलडवर भुरभुरलेले मोड कुणाच्या लक्षात राहतात! म्हणून तपास करणाऱ्यांनी जेवणाऱ्यांच्या गटांनी काय मागवलं ते नोंदलं आणि प्रत्येक पदार्थात नेमकं काय पडतं ते आचाऱ्याला विचारलं. मोड असलेला पदार्थ ज्यांच्या ताटात होता त्यांच्यात आजाराचं प्रमाण इतरांच्या चौदा पट निघालं. मोड जर्मनीतल्याच एका शेतातले. पुढे फ्रान्समध्ये बोर्दोजवळ तोच जंतू निघाला, तिथले मोड वेगळ्याच ठिकाणी आणलेले. दोन्ही साथींतला जंतू एकच आहे हे प्रयोगशाळेने सांगितलं तेव्हा शेतावरचा संशय बियाण्याकडे वळला: २००९ साली इजिप्तहून आलेली १५ टन मेथी. आपली रोजची मेथी! मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते ती जंतूलाही मानवते. आपल्या उसळीला उकळी फुटते, म्हणून आपण वाचतो. कच्चे मोड खायची जी नवी आवड शहरांत आली आहे तिच्याबद्दल मात्र मी घरी सर्वांना बजावते.

म्हणजे आचाऱ्याची वही आणि जीनोम, दोन्ही लागले. एकट्याने कुणाचंच भागलं नसतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या आरोग्य खात्यात विद्यार्थ्यांची एक तुकडी आहे, तिला 'टीम डायरिया' म्हणतात. ठसा जुळला की ही मुलं रुग्णांना फोन करून गेल्या आठवड्यात काय-काय खाल्लं ते तासभर विचारत बसतात. आपल्याकडे आशाताई घरोघरी जातातच. त्यांच्या हाती नीट प्रश्नावली आणि कामाचे वेगळे पैसे दिले तर हे काम त्या कुणाहीपेक्षा चांगलं करतील. कुणाच्या घरी कुठून काय येतं, हे त्यांना विचारायचीसुद्धा गरज पडत नाही.

हे सगळं श्रीमंत देशांचं कौतुक आहे, असं मला अनेकांनी ऐकवलं. त्यांना मी दक्षिण आफ्रिकेचं सांगते. २०१७ साली तिथं लिस्टेरियाचे रुग्ण वाढू लागले. हा जंतू गर्भवतींना आणि नवजात बाळांना निवडून गाठतो आणि खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत आठवडे जातात, त्यामुळे काय खाल्लं ते आठवणं कठीण. त्या देशाच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेने रुग्णांतल्या जंतूंचे जीनोम वाचले. दहातले नऊ एकाच कुळीतले. म्हणजे स्रोत एक असणार, एवढं पक्कं झालं. कुठला, ते कळेना. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोच्या एका पाळणाघरातली नऊ लहान मुलं ताप-जुलाबाने बारागवानाथ रुग्णालयात आली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना शंका आली आणि त्यांनी शौचाचे नमुने घ्यायला लावले. सगळी साथ त्या एका निर्णयावर येऊन उभी होती. मुलांनी पोलोनी नावाचं स्वस्त मांसाचं तयार सॉसेज खाल्लं होतं. पाळणाघराच्या फ्रीजमधल्या पोलोनीतून माग पोलोक्वानेच्या कारखान्यापर्यंत गेला आणि ४ मार्चला आरोग्यमंत्र्यांनी कारखान्याचं नाव जाहीर केलं. एकूण १,०६० रुग्ण, २१६ मृत्यू. मोजता आले म्हणून मोजले गेले. जिथं मोजत नाहीत तिथं अशी बाळं 'अशक्त होती' म्हणून जातात.

आपल्या घरचं उदाहरण याहून जवळचं आहे. जानेवारी २०२५. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागांतून जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकामागून एक येऊ लागले. परवापर्यंत चालणाऱ्या माणसाला जिना चढवेना, मग उठवेना, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सुखाने नांदतो, दूषित पाण्यातूनही पोटात जातो. त्याच्या अंगावरची काही साखर-रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रचनेशी इतकी मिळतीजुळती असते, की त्याच्याशी लढायला निघालेली शरीराची फौज काही थोड्या लोकांत स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. त्या दिवसांत घराघरांत दोन पक्ष पडले: 'विहिरीचं पाणी' आणि 'कोंबडी'. माझ्या भाचीने दोन महिने घरात चिकन आणलं नाही. तिच्या गल्लीतल्या चिकनवाल्याने त्या दोन महिन्यांत कसे दिवस काढले असतील?

हा वाद तोंडाने मिटत नाही. रुग्णाच्या पोटातला, विहिरीतला आणि कोंबडीतला जंतू, तिघांचे जीनोम शेजारी ठेवले तर मिटू शकतो. पण त्यासाठी जिवंत जंतू हाती असावे लागतात. आणि इथंच मेख आहे. कॅम्पिलोबॅक्टर फार नाजूक. त्याला कमी ऑक्सिजन लागतो, ४२ अंशांची ऊब लागते, नमुना तासन्‌तास टेबलावर पडला की संपला. शिवाय जीबीएस उभा राहतो जुलाब होऊन एक ते तीन आठवड्यांनी, तोवर जंतू बहुधा शरीरातून निघून गेलेला असतो. पीसीआर चाचणी 'येऊन गेला' एवढं सांगते. कुठून आला, ते सांगायला पूर्ण जीनोम लागतो. म्हणजे जीनोमचा पुरावा गोळा करायची वेळ होती पंधरा दिवस आधी, साध्या जुलाबाच्या दिवशी, गल्लीतल्या दवाखान्यात. त्या दवाखान्यात आपण काय करतो? पट्टीवरच्या दोन गोळ्या, ओआरएसचं पाकीट, फारच अशक्तपणा असेल तर सलाईन. शौचाचं कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून पाहणं, शंभरात एखाद्याचंही होताना मी पाहिलं नाही. डॉक्टरांना दोष देत नाही. दोन दिवसांत बरा होणारा रुग्ण कल्चरचे पैसे का देईल? ते पैसे त्याने द्यायचेच नसतात. ती तपासणी त्याच्यासाठी नसते, त्याच्यानंतर आजारी पडू शकणाऱ्या माणसांसाठी असते, म्हणून तिचा खर्च सरकारचा.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात काही दवाखाने आणि रुग्णालयं ठरवून घ्यावीत. तिथं आलेल्या जुलाबाच्या ठरावीक रुग्णांचं शौच-कल्चर वर्षभर, फुकट व्हावं. वाढलेला प्रत्येक साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, घातक ई. कोलाय जपून ठेवावा. आणि आठवड्याला एकदा राज्याच्या एका प्रयोगशाळेत जीनोम वाचायला जावा. अन्न व औषध प्रशासनाने घेतलेल्या अन्नाच्या नमुन्यांत जे जंतू वाढतात तेही त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने वाचले जावेत. आज एका खात्याकडे रुग्ण आहे, दुसऱ्याकडे खाऊ आहे, आणि दोघांची गाठ पडते ती वर्तमानपत्राच्या बातमीत: 'नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत.' पुढची बातमी कधी वाचल्याचं तुम्हाला आठवतं का?

कायद्याची आडकाठी नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे अधिसूचना काढून डॉक्टरांना अन्न विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं बंधनकारक करता येतं. कलम ६५ मध्ये तर असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर कुटुंबाला किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. पण त्याच अन्नाने तो दगावला हे शाबित कसं करणार? जुळलेला जीनोम हा त्या घरच्यांच्या हातातला कागद आहे.

यंत्रंही नाहीत असं नाही. कोविडच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, देशाने इन्साकॉग हे जीनोम वाचणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं. पहिल्या दहा प्रयोगशाळांत पुण्याच्या दोन होत्या, राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. डेल्टा, ओमायक्रॉन हे शब्द रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सर्वांना पाठ झाले ते अशाच कामामुळे. कोरोनाचा मजकूर ३० हजार अक्षरांचा, साल्मोनेलाचा ४८ लाख. काम जास्त आहे, पण हात तेच, कौशल्य तेच. खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की पल्सनेटमुळे वर्षाला किमान २ लाख ७० हजार माणसांचा आजार टळतो आणि सुमारे ५० कोटी डॉलर वाचतात. त्यातला मोठा भाग साथी थांबवल्याचा नसून, पकडले जाऊ या भीतीने कंपन्यांनी आपली घडी सुधारल्याचा आहे. आपल्याकडे ती भीती नाही, कारण पकडणारं कुणी नाही.

एक गोष्ट मला फार लागते. २०१२ साली अमेरिकेत सुशीतल्या कच्च्या टूना माशातून ४२५ जण आजारी पडले, बहुतेक जण साल्मोनेला बरेलीने. मासा भारतातून गेलेला होता. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जीनोम जुळवले तेव्हा त्या जंतूचा सर्वांत जवळचा नातलग निघाला, काही वर्षांपूर्वी भारताच्याच नैऋत्य किनाऱ्यावरून गेलेल्या कोळंबीत सापडलेला. आणि ती कोळंबी जिथली, ते ठिकाण टूनाच्या कारखान्यापासून अवघ्या काही मैलांवर. आपल्या जंतूचं मूळ गाव सात समुद्रांपलीकडच्या संगणकात नोंदलेलं आहे, कारण त्यांच्या लोकांनी तो मासा खाल्ला. तोच मासा, तेच पाणी, तोच बर्फ वापरणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांचं पोट बिघडलं तर ते कुठं नोंदतात?

'आधी शुद्ध पाणी द्या, मग जीनोम वाचा' असं म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण कुठली जलवाहिनी गटाराशेजारून जाताना फुटली आहे, हेही रुग्णांचे जंतू जुळवून लवकर कळतं. दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: हे हत्यार हाती आलं की अधिकारी गाडीवाल्यांना, खानावळवाल्यांना छळतील. छळ आजही होतोच, आणि पुराव्याशिवाय होतो. पंगतीत काही झालं की शेवटचा हात ज्याचा लागला तो दोषी. स्पेनच्या काकडीची सुटका जंतू जुळवण्यानेच झाली. आपल्या गाडीवाल्याची कशाने होणार?

एका वसतिगृहातली तीसेक मुलं एकदा आमच्याकडे आली होती. स्वयंपाकाच्या मावशींना दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. भांडी घासून झाली होती, उरलेला भात-आमटी फेकून दिलेली, अंडी, पनीर कुठून आलं होतं ते कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्या मावशी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत येईनात. पदराच्या टोकाला पीठ लागलेलं होतं. दुसऱ्या कुणाकडे पोळ्या लाटायला लागल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या मशिनीत कळतं का, माझ्या हातानंच झालं का ते?"

मी म्हटलं, "मावशी, पोरांच्या पोटातला जंतू सापडलाय. पण तो कुठून आला ते बघायला दुसरं काहीच कुणी आणून दिलं नाही."

"मग माझं बोट घ्या ना टोचून," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.